पायाळूचा पाय

“कंबर कशानं धरली?” हा प्रश्न रूपाली दिवसातून वीस वेळा विचारायची, आणि त्याची उत्तरंही तिला तोंडपाठ होती. कुणी पाण्याची कळशी उचललेली असायची, कुणी स्कूटर खड्ड्यात घातलेली, तर कुणी वरातीत नको तेवढं नाचलेलं. त्यामुळं त्या सोमवारी सकाळी बेळगावात, अनगोळच्या फिजिओथेरपी क्लिनिकमध्ये खुर्चीची पाठ धरून वाकडं उभं राहिलेल्या तरुणाकडे तिनं धड पाहिलंसुद्धा नाही. ‘ज्योतिबा धामणेकर, वय एकोणतीस, मच्छे’ एवढं केसपेपरवर लिहिलं आणि ठरलेला प्रश्न टाकला.

“लाथ खाल्ली, मॅडम.”

“बैलाची?”

“न्हाय ओ… पोरीची.”

आता मात्र तिनं मान वर केली. सावळा, रुंद खांद्यांचा माणूस. कळ सोसून ओठ पांढरे पडलेले, पण डोळे मिश्कील.

“भांडण झालं होतं?”

“भांडान कुठलं! वळख बी न्हाय. बोरगावात आमच्या आक्काच्या घरी गेलतो. जोंधळ्याचं पोतं उचलाय गेलो नि उसण भरली. आक्का म्हणाली, गावात एक पायाळू पोरगी हाय, तिचा पाय लागला की उसण पळती. तीन लाथा घातल्या बघा तिनं. पैल्या दोन बऱ्या हुत्या. तिसरी मातूर…” तो हसला, आणि हसताना कळ आली म्हणून थांबला. “तिसरी मनापास्नं हुती.”

रूपालीचं पेन जागच्या जागी थांबलं.

कारण बोरगावात पायाळू पोरगी एकच होती. आणि ती आत्ता पांढरा कोट घालून त्याच्यासमोर बसली होती.

जन्मताना जो डोक्याऐवजी पायाकडून येतो, तो पायाळू. अशा माणसाच्या पायात उसण उतरवायची विद्या असते म्हणतात. आणि अशाच माणसाला आभाळातली वीज शोधत येते, असंही म्हणतात. रूपालीच्या आईचा, जयाबाईंचा, दोन्हींवर सारखाच विश्वास. विजेपासून राखण म्हणून त्यांनी लेकीच्या डाव्या पायाच्या बोटात लहानपणीच तांब्याचं वेढं घातलं होतं, आणि उसण भरलेल्यांसाठी दार उघडं ठेवलं होतं. पोरीनं साडेचार वर्षं घासून फिजिओथेरपीची डिग्री घेतली, बेळगावात नोकरी धरली. पण रविवारी गावी गेली की दारात कुणीतरी कंबर धरून उभं असायचंच.

दोन आठवड्यांपूर्वीच्या रविवारी असाच एकजण उभा होता. रिवाजाप्रमाणं त्यानं चौकट धरलेली, तोंड बाहेर. रिवाजाप्रमाणंच कुणी बोलायचं नाही, पायाळूनं आतून येऊन डाव्या पायानं तीनदा कमरेला लाथ मारायची, आणि आलेल्यानं मागं वळून न बघता निघून जायचं. वळून बघितलं की उसण परत येते. त्यामुळं दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं. रूपालीनं पाहिली होती ती फक्त निळ्या चौकड्यांची पाठ.

ती जरा वेळ घुटमळली तेव्हा आई हळूच म्हणाली होती, “तुझी डिगरी ऱ्हाऊ दे तिकडं. गाव तुला पायासाठी वळकतंय.” तिसरी लाथ त्या रागाची होती. तोलच गेला, आणि तिचा पाय त्याच्या पायाशेजारी, उंबऱ्यावर जाऊन पडला.

पण लाथेचं एवढं नव्हतं. खरी बोच वेगळीच होती. ती पाठ एका बाजूला कललेली होती. डाव्या पायावर भार न टाकता तो उभा होता. उसण भरलेला माणूस असा कलत नाही. मणक्यातली गादी सरकून नसेवर बसली की माणूस असा कलतो. हे रूपालीला तेव्हाच कळलं होतं. ‘थांबा, मोटारसायकलवर बसू नका, आधी तपासून घ्या’ — एवढं एक वाक्य बोलायचं होतं. पण पायाळूनं बोलायचं नसतं… आणि ती बोलली नाही. मग बाहेर मोटारसायकल सुरू झालेली तिनं ऐकली होती.

“मॅडम?” ज्योतिबा विचारत होता. “तुमाला काय झालं? माझ्यापरीस तुमचंच तोंड उतारलंय.”

“काही नाही,” रूपाली म्हणाली. “मग पुढं काय झालं?”

“पुढं काय… त्याच वाकड्या कमरंनं बोरगावास्नं मच्छेपर्यंत गाडी मारली. दुसऱ्या दिवशी उठायलाच येईना.”



* * *

क्लिनिकच्या मुख्य डॉक्टर शाल्मली मॅडम. आवाज बारीक, जीभ धारदार. त्यांनी एमआरआयची फिल्म उजेडाकडे धरली, मग ज्योतिबाला भिंतीपाशी उभं केलं.

“उजव्या पायावर उभे राहा. टाच उचला. चवड्यावर या.”

त्यानं दहा वेळा सहज केलं.

“आता डावा.”

पहिल्यांदा टाच बोटभर उचलली गेली. दुसऱ्यांदा नुसती थरथरली. तिसऱ्यांदा काहीच झालं नाही. ज्योतिबा खाली पायाकडे असा बघत राहिला, जणू घरचंच माणूस ऐनवेळी फितूर झालंय. चेहऱ्यावरची सगळी मिश्किली गेली.

“मॅडम, मी ड्रायव्हर हाय,” तो म्हणाला. “आता कंपनीची बस चालवतो. सरकारी बसच्या ड्रायव्हरसाठी निवड झालीया माझी. पुढच्या म्हैन्याच्या तीन तारखेला गाडी चालवून दाखवायची हाय. आणि क्लच… क्लच डाव्या पायाखाली असतोय.”

“सर्जननी काय सांगितलंय?”

“दहा सिटिंग ट्रॅक्शन करा म्हणाले. ताकद वाढली तर बरं. कमी झाली तर ऑपरेशन. मग तीन तारीख गेलीच की.”

शाल्मली मॅडमनी मान हलवली. “हे बघा, मी खोटी आशा लावत नाही. ट्रॅक्शन म्हणजे कमरेला पट्टे बांधून मशीननं हळूहळू ओढायचं, म्हणजे नसेवरचा दाब थोडा हलका होतो. काहींना चार सिटिंगमध्ये आराम पडतो, काहींना चाळीसमध्येही नाही. खरं काम व्यायाम करतो, बसण्याउठण्याची शिस्त करते आणि वेळ करतो. उगाच मशीनची आरती करू नका. पण करून बघू. रूपाली, पेशंट तुझा.”

“मॅडम, मी… दुसऱ्या कुणाला…”

“का? काय झालं?”

‘मीच लाथ मारली’ असं भर क्लिनिकमध्ये कसं सांगायचं? भिंतीवर टांगलेल्या डिग्रीला मग काय तोंड दाखवायचं? “काही नाही,” रूपाली पुटपुटली. त्या सकाळी ती हे दुसऱ्यांदा म्हणाली, आणि दोन्ही वेळा खोटं.

* * *

क्लिनिकचा नियम असा, की चपला बाहेर. आत सगळे अनवाणी. ट्रॅक्शनच्या आधी पेशंटला टेबलावर पालथं झोपवून गरम शेक द्यायचा. टेबलाला तोंडासाठी भोक असतं. पालथं पडलेल्या माणसाला त्यातून फरशी दिसते, आणि शेक देणाऱ्याचे पाय.

रूपाली शेकाचा टॉवेल ठेवत होती. टेबलाखालून आवाज आला, “आं…”

“चटका बसला?”

“न्हाय.” तिनं टॉवेल सारखा केला. मग, “मॅडम, तुमचं गाव कंचं ओ?”

“निपाणीकडचं.”

“निपाणीकडचं कंचं?”

“निपाणीच,” ती म्हणाली. भीती वाटली की माणूस किती चटकन गाव सोडतो!

मग त्याला उताणं करून, पाय गुडघ्यात दुमडून स्टुलावर ठेवले, छातीला एक पट्टा, कमरेला एक पट्टा. मशीनची दोरी कमरेच्या पट्ट्याला लावताना तिची बोटं थरथरली. त्याच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकीच ओढ लावायची होती; आकडा तिनं तीन वेळा तपासला. त्याच्या मुठीत एक छोटं बटण दिलं.

“सहन झालं नाही तर हे दाबायचं, मशीन थांबेल. घाबरायचं नाही.”

“मी भ्यालो न्हाय.” त्यानं बटण असं आवळलं होतं की बोटं पांढरी झाली होती. “तुमी भ्यालाय.”

मशीन घरघरलं. दोरी ताणली. पट्टा सरकला, आणि…

“साकु! साकु साकु साकु!” ज्योतिबा कन्नडमधून ओरडला.

पलीकडच्या कोपऱ्यात दत्तोपंत बसले होते. रिटायर्ड वकील, मानेच्या ट्रॅक्शनला हनुवटीखाली पट्टा बांधून कप्पीला टांगलेले. मान वळवता येत नसल्यामुळं ते समोरच्या भिंतीशी बोलायचे. “पुरे पुरे म्हणायला बटण दिलंय की हातात! बटणाला कुठलीही भाषा चालते हो.”

रूपालीला हसू फुटलं. दोन आठवड्यांत पहिल्यांदाच. ज्योतिबानं ते पाहिलं, आणि बटणावरची मूठ जराशी सैल केली.

* * *

दुसऱ्या दिवसापासून एक नवीनच सुरू झालं. पालथा पडला की तो भोकातून तिच्या पायांना म्हणायचा, “नमस्कार. काल झोप लागली का?”

“कुणाशी बोलताय?”

“तुमच्याशी न्हाय. ह्यांच्याशी. तुमी लई कमी बोलता.”

“पाय बोलतात वाटतं?”

“बोलत्यात की. अंगठा वर केला की तुमी हसालाय. बोटं आकसली की भ्यालाय. आत्ता आकसल्यात बघा.”

तिनं घाईनं पाय मागं घेतले. कानाच्या पाळ्या तापल्या. हे काय चाललंय? लाजायचं का घाबरायचं, हेच ठरेना. लाजावं तर आतून कुणीतरी टोचायचं — अगं, याला कळलं की तुझ्याच दारातून हा वाकडा गेला, तर? मग रोज ठरवायची, आज सांगायचं. टॉवेल काढताना सांगायचं… पट्टा बांधताना… जाताना. आणि तो जाताना “येतो मॅडम” म्हणायचा, नि सांगायचं राहून जायचं. सांगितलं की तो परत येणार नाही, याची भीती आता त्याच्या पायाच्या भीतीइतकीच मोठी झाली होती.

टाचेचा हिशोब मात्र रोज चालायचा. दुसऱ्या सिटिंगला दोनदा टाच उचलली. तिसऱ्याला तीनदा. चौथ्या दिवशी ज्योतिबाची आक्का, मंगल, डबा घेऊन बोरगावहून क्लिनिकमध्ये उतरली.

रूपालीनं तिला दारातच ओळखलं आणि सरळ शेकाच्या खोलीत पळाली. पडद्यामागं, गरम पाण्याच्या टाकीशेजारी, ती श्वास धरून उभी राहिली. घाम कशाचा, वाफेचा की भीतीचा, कळत नव्हतं. पाच मिनिटं झाली. दहा झाली.

“रूपाली!” दत्तोपंत भिंतीला उद्देशून ओरडले. “अगं, टॉवेल शेकतेस की शिजवतेस?”

“रूपाली?” मंगलाक्काचा आवाज. “आमच्या गावात बी हाय की एक रूपाली. तीच नव्हं का तुला…”

“आक्का,” ज्योतिबा मध्येच म्हणाला, “गाव तितक्या रूपाल्या. तू जा बघू, बस चुकंल तुझी.”

आक्का गेली. रूपाली लालबुंद होऊन बाहेर आली. तो छताकडे बघत पडला होता, तोंडावर काही नाही. वाचले बाई, असं ती मनात म्हणाली. त्यानं आपल्याला का वाचवलं असेल, हा प्रश्न तिला सुचलाच नाही. घाबरलेल्या माणसाला सगळं दिसतं, समोरचं तेवढं दिसत नाही.

* * *

सहाव्या सिटिंगला तो ओरडला नाही. त्यानं मुकाट्यानं बटण दाबलं.

मशीन थांबलं. रूपाली धावली. ज्योतिबाचं तोंड पांढरंफटक.

“पाय…” तो म्हणाला. “माझा न्हाय असं वाटालंय.”

तिनं पट्टे सोडले, पण हात चालेनात. शिकलेलं सगळं एकदम आठवलं, आणि आठवलं ते सगळं वाईटच. “मांड्यांच्या मधे बधिर वाटतंय का? लघवी… लघवीवर ताबा आहे ना? सकाळपासून नीट झाली?”

“हाय की.” तशातही त्याच्या डोळ्यांत किंचित हसू आलं. “आजपत्तूर कुठल्या पोरीनं मला हे इचारलं नव्हतं.”

“चेष्टा करू नका हो!” ती रडकुंडीला येऊन म्हणाली. “लवकर सांगा. बधिर वाटतंय?”

“तितं न्हाय. नुसता पाय.”

शाल्मली मॅडम आल्या, सगळं तपासलं. आणि मग टाच. आदल्या दिवशी चार वेळा उचलली गेलेली टाच त्या दिवशी दोनदाच उचलली. तिसऱ्यांदा थरथरली नुसती. दत्तोपंतसुद्धा भिंतीशी गप्प.

“दोन दिवस मशीन बंद,” मॅडम म्हणाल्या. “घरी पालथं पडून सांगितलेला व्यायाम तेवढा करा. बसायचं नाही, वाकायचं नाही. लघवी अडली, बधिरपणा वर चढला, तर माझी वाट न बघता सरळ हॉस्पिटल. नाहीतर मंगळवारी बघू. तेव्हाही टाच दोनवरच असेल तर सर्जनकडे.”

ज्योतिबा भिंत धरत धरत दारापर्यंत गेला. “येतो मॅडम,” म्हणाला नाही.

तो रिक्षात चढेपर्यंत रूपाली खिडकीत उभी होती. मग ती तडक मॅडमच्या केबिनमध्ये गेली, दार लावलं, आणि सगळं सांगून टाकलं. चौकट, तीन लाथा, रागाची तिसरी लाथ, कललेली पाठ, न बोललेलं वाक्य. बोलता बोलता हुंदका फुटला.

“माझ्यामुळं त्याचा पाय जाईल, मॅडम.”

शाल्मली मॅडमनी तिला पाणी दिलं. “डोकं ठिकाणावर आण. तू उभ्याउभ्या मारलेल्या लाथेनं गादी सरकली असं मी तरी छातीठोकपणे म्हणणार नाही. ती पोतं उचलतानाच सरकली असेल. त्यात मोटारसायकलचे दणके. पण लाथ चुकीचीच. पुन्हा कुणाला मारलीस तर मी तुला मारीन.” मग त्या म्हणाल्या, “आणि खरी चूक लाथेची नाहीच, रूपाली. तुझ्या पायाला काही कळत नव्हतं. डोक्याला कळत होतं. तरी तू गप्प बसलीस. आताही गप्पच आहेस. त्याला सांग.”

“तो पुन्हा यायचा नाही.”

“न येवो. ते त्याला ठरवू दे.”

दोन दिवस रूपालीच्या घशाखाली घास उतरला नाही. मोबाइल वाजला की हातातलं टाकून धावायची — हॉस्पिटलमधून तर नसेल? आयुष्यभर तिला विजेची भीती वाटत आली होती. ढग गडगडला की ती पांघरुणात शिरायची. पण या दोन दिवसांत तिला कळलं की वीज तरी एकदा पडून मोकळी होते. ही भीती पडत नव्हती, नुसती वर लोंबकळत होती. आणि त्या भीतीच्या तळाशी जे होतं ते तिनं पहिल्यांदाच कबूल केलं. पेशंटसाठी माणूस असं उपाशी राहत नाही. तिला तो हवा होता. लंगडत का होईना, भोकातून पायांशी बोलणारा तोच हवा होता.

मंगळवारी तो आला. भिंतीपाशी उभा राहिला. एक… दोन… तीन. तीनवर थांबला, पण थरथरला नाही.

“चढतंय,” मॅडम म्हणाल्या. “ओढ कमी करून पुढं चालू ठेवा. व्यायाम सोडायचा नाही.”

रूपालीनं तोंड फिरवून डोळे पुसले. सांगायचं होतं… पण त्या दिवशी तो इतका आनंदात होता, की तिचं धाडस झालं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. टाच पाचवर गेली, मग सातवर. तो सरळ चालायला लागला. कललेली पाठ हळूहळू उभी झाली, आणि प्रत्येक सिटिंगला एकच गोष्ट जवळ येत गेली — शेवटचं सिटिंग.

* * *

दहाव्या सिटिंगच्या दिवशी दुपारपासूनच आभाळ भरून आलं होतं. ऑक्टोबरातला परतीचा पाऊस. येतो तो दंगा करत. मशीन थांबलं, पट्टे सुटले. ज्योतिबा भिंतीपाशी उभा राहिला, आणि सगळं क्लिनिक मोजायला लागलं.

“सात… आठ…” दत्तोपंत भिंतीकडे तोंड करून ऐकूनच मोजत होते. “नऊ…”

नवव्याला घोटा लटपटला. रूपालीनं ओढणीचं टोक दातात धरलं.

“दहा!”

“ठीक,” शाल्मली मॅडम म्हणाल्या. त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे पेढेच. “सर्जनना दाखवा. पोतं उचलायचं नाही, सहा महिने नाही. तीन तारखेला जा. पण पाय थकतोय असं वाटलं तर तिथंच सांगायचं, मिरवायचं नाही.” आणि रूपालीकडे एक नजर टाकून त्या केबिनमध्ये गेल्या.

व्हरांड्यात तो चपला घालत होता. पाऊस सुरू झाला होता. रूपाली दाराच्या आतच थांबली. ढग वाजत होते.

“धामणेकर… मला एक सांगायचंय.” “मी निपाणीची नाही. बोरगावची.”

तो चपलेचा पट्टा ओढत राहिला.

“ती पायाळू पोरगी… मीच. मला तुमची पाठ बघूनच कळलं होतं की ही उसण नव्हे. तरी मी बोलले नाही. तुम्हाला गाडीवर जाऊ दिलं. तुमचा पाय गेला असता तर… तो मी घालवला असता.” एका दमात बोलून ती डोळे मिटून उभी राहिली. आता काय पडायचं ते पडू दे.

पडला तो फक्त पाऊस.

“पैल्या दिवशीच कळलंतं मला,” तो म्हणाला.

तिनं डोळे उघडले.

“तुमी तोल जाऊन पाय उंबऱ्यावर टाकलासा. मागं बघायचं न्हाय म्हणलंतं, खाली बघायचं न्हाय असं कोण म्हणालं नव्हतं. तांब्याचं वेढं बघितलं मी. आणि हितं टेबलावर पालथा पडलो, भोकातनं बघतोय तर तेच वेढं! म्हणलं, देवा, हिच्याच तोंडावर हिचीच कागाळी करून बसलो की.”

“आणि… तुम्हाला राग नाही आला?”

“आला की. त्या राती लई आला. कमर मोडती का नीट करती, बघूच म्हणलं. मग बघितलं तर तुमी माझ्यापरीस जास्त भ्यालाय. आकडा तीन-तीनदा बघताय. पट्टा बांधताना हात थरथरतोय. असं माझ्यासाठी कोण भ्यालं नव्हतं मॅडम कधी.” त्यानं नजर खाली घातली. “मग मलाच भ्या वाटाय लागलं. मी वळखलंय म्हणून सांगितलं तर तुमी मला दुसऱ्या कुणाकडं द्याल… म्हणून मी बी गप बसलो.”

“म्हणजे दहा दिवस…”

“धा दिवस तुमी भिऊन गप, मी भिऊन गप. आणि दोघांच्या मधी त्ये मशीन वडालंय.”

ती हसली, आणि हसता हसता डोळे वाहिले. त्याला काहीतरी बोलायचं होतं. “येतो,” एवढंच म्हणून तो पायऱ्या उतरला.

पाऊस अंगावर घेत तो सरळ चालत निघाला. रूपाली दारात उभी. तीच पाठ. पण आता ताठ, कुठल्याच बाजूला न कललेली. आणि पायाळूच्या दारातून निघालेल्या माणसानं मागं वळायचं नसतं… तो गेटापाशी पोचला. वीज लखकन चमकली. तो थांबला. आणि वळला.

“अवो, मागं बघू नगा!” रूपाली ओरडली. पांढरा कोट, डिग्री, सगळं विसरून अस्सल बोरगावच्या बोलीत. “उसण परत येती!”

“येऊ दे की!” तो पावसातून ओरडला. “न्हायतर मी हितं कुठल्या निमित्तानं येऊ?”

ढग गडगडला. एरवी ती कानांवर हात ठेवून आत पळाली असती. तिनं खुंटीवरची स्वतःची छत्री काढली, उंबरा ओलांडला, आणि उघड्या आभाळाखाली अनवाणी चालत त्याच्यापर्यंत गेली. डाव्या पायातलं वेढं चिखलानं माखलं. वीज पुन्हा चमकली, पण तिनं वर बघितलंसुद्धा नाही.

“निमित्त कशाला आजारपणाचं?” ती म्हणाली. “ही छत्री न्या. तीन तारीख झाली की परत द्यायला या. बोरगावात, आईसमोर. आणि पुढच्या दारानं या, तोंड आत करून.”

“लाथ न्हाय न्हवं?”

“ते बघू.”

त्यानं छत्री घेतली. घेताना बोटं जरा वेळ तशीच राहिली. दोघांचीही थरथरत होती, पण आता कुणी ते बोलून दाखवलं नाही. मग तो निघाला.

गेटापासून रिक्षाच्या स्टँडपर्यंत तो तीन वेळा मागं वळला. पहिल्या दोन वेळा नुसता. तिसऱ्यांदा मनापासून.